ट्रॅम्पोलीन (छोट्या कॅटमरानचे)

शिडाच्या छोट्या कॅटमरानमध्ये दोन अरुंद होड्या, म्हणजे हल, पुढच्या व मागच्या आडव्या दांड्यांनी जोडलेल्या असतात. या चौकटीत ताणून बसवलेले कापड किंवा जाळी म्हणजे ट्रॅम्पोलीन. अशा नौकेला वेगळा डेक नसतो. खलाशी ट्रॅम्पोलीनवरच बसतात, नौका वळवताना गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या बाजूला जातात आणि वारा वाढला की त्याच्या कडेवरून बाहेर झुकतात. कापडाची निवड करताना बहुतेक जण आधी त्याच्या ताकदीची चौकशी करतात. वस्तुतः नवे कापड माणसाच्या वजनाने फाटल्याची उदाहरणे विरळा. ट्रॅम्पोलीन निकामी होते ते उन्हाने, सैल पडल्याने आणि शिवण उसवल्याने.

या प्रकारच्या नौका लोकप्रिय केल्या कॅलिफोर्नियातील सर्फबोर्ड तयार करणारे होबी ऑल्टर (1933–2014) यांनी. त्यांची होबी 14 ही 1968 मध्ये आली आणि पाठोपाठ होबी 16. दुसरीची लांबी सुमारे 5.05 मी., रुंदी 2.41 मी. आणि वजन सुमारे 145 किग्रॅ. असते. दोन माणसांनी वाळूवरून पाण्यात ढकलावी इतकी ती हलकी. तिच्या हलांवर खुंट्या असून त्यांवर ॲल्युमिनियमची चौकट बसते, त्यामुळे ट्रॅम्पोलीन पाण्यापासून बरेच उंच राहते. पुढील विवेचनात हीच नौका डोळ्यांसमोर धरली आहे.

ताण. चौकटीच्या दोन बाजूंमधील अंतर 2 मी. आणि मधोमध बसलेल्या 80 किलोच्या माणसाखाली कापड 10 सेंमी. खचते असे मानू. तो भार आडव्या दिशेच्या एकाच पट्टीवर आला, तर पट्टीतील ओढ सुमारे 400 किलो भरते. कापड निम्मेच खचू दिले की ओढ दुप्पट होते. प्रत्यक्षात भार चारही बाजूंना वाटला जातो, पण ही सगळी ओढ शेवटी कडांवर, टाक्यांवर आणि आयलेटांवर, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्यांवर, येते. कापड सैल सोडणे हा त्यावरचा उपाय नाही. घट्ट ताणलेले ट्रॅम्पोलीन चौकट काटकोनात राहायला मदत करते आणि सैल पडले की दोन्ही हल लाटांत आपापल्या परीने हलू लागतात. म्हणून कमी ताणले जाणारे, एकदा ओढून बांधले की तसेच राहणारे कापड हवे.

धागा. या कसोटीवर नायलॉन मागे पडतो. तो मजबूत आणि झिजेला चिवट खरा, पण पाणी शोषून लांबतो. कोरडे असताना ढोलकीसारखे वाजणारे ट्रॅम्पोलीन ओले होताच लोंबते. कोकणच्या बंदरांत मासेमारीची नायलॉन जाळी सहज मिळते आणि ती वापरण्याचा मोह होतो. छोट्या नौकेवर ते करू नये. जाळी लोंबते, तिच्या गाठी गुडघ्यांना टोचतात आणि मोठ्या छिद्रांत पायाची बोटे अडकतात. मोठ्या प्रवासी कॅटमरानच्या नाळेकडे जाळी लावतात ती गोष्ट वेगळी. तिथे कोणी तासन् तास गुडघे घासत बसत नाही.

पॉलिएस्टर जेमतेम पाणी शोषते, कमी ताणते आणि ऊन बऱ्यापैकी सोसते. पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलके आणि स्वस्त, पण मुळात उन्हाचे कच्चे. त्यात काजळी मिसळली की अतिनील किरण धाग्याच्या आत शिरत नाहीत. अंगणातल्या उड्या मारायच्या ट्रॅम्पोलीनचे कापड बहुधा काळे असते ते यामुळेच. रंगीत पॉलिप्रोपिलीनपेक्षा काळे घ्यावे. दुपारी ते चटके देते, एवढे सोसावे लागते. डायनीमा हा पॉलिएथिलीनचा अतिबळकट धागा सतत ओढीखाली हळूहळू लांबत जातो. शिवाय तो महाग आणि गुळगुळीत. या आकाराच्या नौकेला त्याची गरज नाही.

भरीव की जाळीदार. होबीची जुनी ट्रॅम्पोलीने व्हिनाइलचा लेप दिलेल्या पॉलिएस्टर कापडाची असत, दिसायला जाड ताडपत्रीसारखी. ती टिकाऊ आणि पुसायला सोपी, पण पाणी अडवतात. ट्रॅम्पोलीन 4 चौ. मी. धरले आणि लाटेचे केवळ 1 सेंमी. पाणी त्यावर साचले, तरी 40 किलोचा न बोलावलेला प्रवासी नौकेवर बसला असे समजावे. शिवाय ओल्या व्हिनाइलवर माणूस घसरतो.

वाऱ्याचा प्रश्न त्याहून गंभीर. एक हल हवेत उचलला गेला की भरीव ट्रॅम्पोलीनच्या पोटाखाली वारा भरतो आणि नौका उलटायला हातभार लावतो. नौका आडवी पडली तर ते भिंतीसारखे उभे राहते आणि तिला वाऱ्याबरोबर वाहवत नेते. हात सुटलेल्या खलाशाला पोहून तिला गाठणे अशक्य होऊ शकते. जाळीदार कापडातून वारा काही अंशी निघून जातो, त्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. तेव्हा नवे ट्रॅम्पोलीन करताना जाळीदारच करावे आणि पीव्हीसीचा लेप दिलेली पॉलिएस्टर जाळी परवडत असेल तर तीच घ्यावी. काळी पॉलिप्रोपिलीन जाळी हा दुसरा, स्वस्त आणि पुरेसा चांगला पर्याय. भरीव कापडाला एकच खरी जागा उरते: थंड पाण्यात, खालून येणारे शिंतोडे अडवायला.

शिवण आणि कडा. कापड शाबूत आणि दोरा कुजलेला, हे नेहमीचे चित्र. दोरा बारीक असल्याने ऊन त्याला आरपार खाते. अतिनील किरणांना टिकणारा जाड पॉलिएस्टर दोरा ही किमान अट. टेफ्लॉनच्या (पीटीएफई) दोऱ्याला ऊन जवळजवळ बाधत नाही, मात्र तो फार महाग. परीक्षा सोपी आहे. उन्हातल्या बाजूचा टाका नखाने खरवडावा. भुसा निघाला किंवा दोरा तुटला तर कापड कितीही चांगले असो, शिवण पुन्हा घालावी.

जाळीच्या एकेरी थरात आयलेट ठोकू नये, तो उपटून येतो. कड दुमडून, आत पट्टा घालून दोन-तीन रांगा टाके घालावेत आणि मगच आयलेट ठोकावा. बाजारात पितळी दिसणारे पुष्कळ आयलेट मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात, म्हणून चुंबक लावून पाहावा. दांड्याच्या खाचेत सरकणाऱ्या कडेत दोर शिवलेला असतो. त्याची जाडी जुन्या दोराशी तंतोतंत जुळवावी लागते. बारीक झाला तर खाचेतून निसटतो, जाड झाला तर आत जातच नाही. कापलेल्या कडा तापलेल्या सुरीने वितळवून बंद करतात. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो, तेव्हा हे काम उघड्यावर करावे.

माप. जुने ट्रॅम्पोलीन पसरून त्यावरून नवे बेतू नये. ते वर्षानुवर्षे ताणून वाढलेले असते. माप चौकटीचे घ्यावे आणि बांधणीच्या दोरीसाठी फट सोडावी. फट नसेल तर पुढे ट्रॅम्पोलीन सैल पडल्यावर ओढायला जागाच उरत नाही. दोरी कमी ताणणाऱ्या पॉलिएस्टरची असावी आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर ती पुन्हा आवळावी. अधिकृत शर्यतींत उतरायचे असेल तर कापड खरेदी करण्यापूर्वी आपल्या नौकेच्या वर्गाची नियमावली पाहावी. होबी 16 सारख्या, सर्व नौका एकाच साच्याच्या असाव्या लागणाऱ्या वर्गांत घरी शिवलेले ट्रॅम्पोलीन चालेलच असे नाही.