पोर्शिया गीच स्मृती पारितोषिक

* ऑस्ट्रेलियातील महिला व्यक्तिचित्रकारांचे हे मानाचे पारितोषिक १९६५पासून दिले जाते. पोर्शिया गीच (१८७३–१९५९) मेलबर्नच्या. चित्रकला शिकल्या लंडनच्या रॉयल अकॅडमीत. महागाईविरुद्ध त्यांनी गृहिणींची संघटना उभी केली, अंड्यांवर तारखेचा शिक्का हवा म्हणूनही त्या भांडल्या. बहीण फ्लॉरेन्सने त्यांच्या स्मरणार्थ मृत्युपत्रात या पुरस्काराची तजवीज केली. त्यातली अट मोलाची आहे : चित्र प्रत्यक्ष माणूस पाहून रंगवलेले हवे, आणि तो माणूस कला, साहित्य वा विज्ञानातला नामवंत असावा. पहिल्या मानकरी जीन ॲपलटन. त्यांनी रंगवले होते स्वतःलाच!

निराळ्या पारितोषिकाची गरज होतीच. १९२१पासूनचे व्यक्तिचित्रांसाठीचे प्रतिष्ठेचे आर्चिबॉल्ड पारितोषिक पहिल्यांदा स्त्रीला, नोरा हेसन यांना, मिळाले १९३८मध्ये. दुसऱ्या ज्युडी कॅसाब, त्या थेट १९६०मध्ये.