दारावरची गर्दी ओसरल्यावर...

खान्देशात घरी मृत्यू झाला की आप्तेष्टांची रीघ लागते. ‘दारावर’ येणाऱ्यांची वर्दळ उत्तरकार्य आणि गंधमुक्तीपर्यंत चालू राहते. या गर्दीत मुले मात्र बहुधा घरात नसतात. त्यांना शेजारी किंवा मामाच्या गावी धाडले जाते. हेतू चांगला असतो. पण मूल परतते ते गर्दी ओसरलेल्या घरात, आणि काय घडले हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळमध्ये भाविकांची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. मृतांत बहुतेक जण जळगाव जिल्ह्यातील, त्यातही वरणगाव परिसरातील होते. अशा प्रसंगी सारे गावच शोकात असते. सावरणारी माणसेही स्वतः कोलमडलेली असतात आणि मुलांकडे लक्ष जायला वेळ लागतो.

साधारण पाच वर्षांखालील मुलाला मृत्यूचे कायमपण उमगत नाही. ‘बाबा गावाला गेले’ असे सांगितले, तर ते परतण्याची वाट पाहते. ‘आजी झोपली’ म्हटले, तर त्याला झोपेचीच धास्ती वाटू लागते. ‘बाबांचे शरीर आता चालत नाही, ते परत येणार नाहीत’ हे कठोर वाटणारे वाक्यच मुलाला आधार देते. ते घरच्या भाषेत, अहिराणीत किंवा लेवा बोलीत, विश्वासाच्या माणसाने जवळ घेऊन सांगावे. तोच प्रश्न दहा वेळा आला, तर उत्तरही दहा वेळा तेच द्यावे.

मुलांचा शोक तुकड्यातुकड्यांनी येतो. आत्ता रडणारे मूल घटकाभराने विटीदांडू खेळते, आणि ‘त्याला काही कळत नाही’ असा समज मोठी माणसे करून घेतात. प्रत्यक्षात अनेक मुले मनात अपराधभाव बाळगून असतात. ‘मी हट्ट केला म्हणून आई गेली’ असे त्यांना वाटते. कापूसपट्ट्यात कर्जापायी पित्याने आत्महत्या केलेल्या घरांत हे ओझे अधिक जड असते. ती गोष्ट कुजबुजीतून मुलाच्या कानी पडण्यापूर्वी घरच्यांनीच थोडक्यात सांगावी, आणि यात त्याचा काहीही दोष नाही हे निःसंदिग्धपणे बजावावे.

किशोरवयीन मुलांची अडचण निराळी. तेराव्यालाच थोरल्या मुलाला ‘आता घरातला कर्ता पुरुष तूच’ असे सांगितले जाते. मुलीच्या वाट्याला चूल आणि धाकटी भावंडे येतात. सांत्वनाच्या नावाखाली उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांत इतके घातक वाक्य दुसरे नसेल. या वयाची मुले घरच्यांपेक्षा मित्रांशी बोलतात. त्यांना तसे बोलू द्यावे, मात्र शाळा-महाविद्यालय सुटू देऊ नये. मूल वर्गात परतण्याआधी शिक्षकांना कल्पना दिलेली बरी.

अंत्यदर्शन घ्यायचे की नाही, हे काय दिसेल ते आधी समजावून मुलालाच ठरवू द्यावे. विधींत त्याला लहानसे काम द्यावे. खान्देशात आखाजीला पितरांच्या नावाने घागर पुजतात. ती भरण्याचा मान मुलाला दिला, तर आठवण काढणे वर्ज्य नाही हे त्याला न सांगता कळते.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) तिशीच्या सुमारास विधवा झाल्या. १९०७ मध्ये जन्मलेले सोपानदेव तेव्हा अगदी लहान होते. जात्यावर आणि शेतात काम करताना त्या दुःखासह सारे जगणे ओव्यांतून बोलत राहिल्या. पुढे सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने त्या ओव्या उतरवून घेतल्या. आईचे दुःख या घरात मुलांपासून लपवलेले नव्हते, असे म्हणायला जागा आहे.

शोकाला ठरावीक मुदत नसते. तरीही कित्येक महिने उलटून मूल जेवत-झोपत नसेल, शाळा टाळत असेल किंवा ‘मलाही तिकडे जायचे आहे’ असे म्हणत असेल, तर विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आर्थिक आधाराचा प्रश्नही शोकाइतकाच तातडीचा असतो. करोनामुळे दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२१ मध्ये घेतला. मात्र बालसंगोपन योजना केवळ करोनापुरती नाही. एक पालक गमावलेल्या मुलांनाही तिच्यातून दरमहा अनुदान मिळू शकते. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो. मृत्यूचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि मुलाचे आधार कार्ड आधीच जवळ ठेवले, तर हेलपाटे वाचतात. हे काम दारावर येणाऱ्या एखाद्या जाणत्या नातेवाइकाने अंगावर घ्यावे.