बिदरच्या माळावर काळविटामागे

सन १४३५च्या आसपासची पहाट आहे. बिदरचा किल्ला अजून नवा, जांभ्याच्या भिंती लालबुंद. अहमदशहा बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून इथे आणल्याला फार वर्षं झालेली नाहीत. तुम्ही वेशीबाहेर पडता आणि पठाराचा उतार धरून मांजरेच्या बाजूला चालू लागता. पायाखाली मुरूम, त्यावर गुडघाभर कुसळी गवत, मधेच एखादी बोर, एखादी बाभूळ.

गवत हलतं. आधी माद्या दिसतात, मातकट रंगाच्या, बिनशिंगाच्या. मग त्यांच्यापासून जरा बाजूला तो उभा असतो. पाठ काळीभोर, पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी कडी आणि डोक्यावर पीळ भरलेली लांब शिंगं. हा नर जन्माला आला तेव्हा काळा नव्हता. वय वाढलं, स्वतःची जागा राखता येऊ लागली, तसतसा रंग चढत गेला. मादी एका वेतात एकच पाडस देते आणि पहिले काही दिवस ते गवतात दडवते. तुम्ही पाडसापासून दहा पावलांवरून गेलात, तरी ते तुम्हाला दिसलेलं नाही. हे गवत लक्षात ठेवा.

आता एकदम १८९०च्या दशकात या. मुलूख निजामाचा आहे. तुम्ही बैलगाडीत बसला आहात आणि तुमच्या शेजारी, डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवलेला, दोरीने बांधलेला चित्ता. चित्तेवान त्याच्या मानेवरून हात फिरवत हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटतो आहे. कळप समोरच चरतो आहे, पण पळत नाही, कारण बैलगाडी त्याच्या रोजच्या पाहण्यातली. गाडीवान सरळ जात नाही. वळसे घेत अंतर कमी करत राहतो. मग टोपी निघते. चित्ता खाली उतरतो, पोट जमिनीला टेकवून सरकतो आणि सुटतो. सारा खेळ काही शे पावलांचा. तेवढ्यात साधलं तर साधलं, नाहीतर तो धापा टाकत थांबतो आणि काळवीट क्षितिजापर्यंत उड्या मारत जातं. आज साधलं आहे. चित्तेवान पळीत रक्त धरून चित्त्यापुढे करतो आणि तो पिण्यात गुंतला की पुन्हा टोपी चढवतो.

ही शिकार क्रूर होती. पण माझ्या मते काळविटांचा कळप तिने मोडला नाही. एका सकाळी एक-दोन नर जात, माद्या आणि पाडसं राहत. मोडला तो चित्ता. रानातून धरून आणलेला चित्ता पिंजऱ्यात सहसा वितच नसे, म्हणून दर वेळी नवा धरावा लागे. पुढे कोल्हापूरच्या दरबाराला आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले आणि १९५२ साली भारतातून तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

त्याच दशकात या, पण रात्री. निजामाचं राज्य १९४८मध्ये संपलं आहे. १९५६मध्ये बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात जातील. तुम्ही जीपमध्ये मागे उभे आहात. समोर प्रखर दिवा फिरतो आणि अंधारात डोळे चमकतात, दहा, वीस, चाळीस. काळवीट उजेडात थिजून उभं राहतं. ज्या वेगाच्या जोरावर त्याने हजारो वर्षं लांडग्याला आणि चित्त्याला हुलकावणी दिली, तो इथे कामाचा नाही. बंदूक नराला, मादीला, पोटुशीला सारखीच लागते. दिवसा तुम्ही तिथे परत गेलात, तर गवताच्या जागी नांगरलेली माती दिसते. देशाला धान्य हवं होतं, ते खरंच. पण माळाची किंमत त्या हिशेबात कुणी धरली नाही. १९४७ साली देशात अंदाजे ८०,००० काळविटं होती. पुढच्या वीस वर्षांत त्यातली थोडीच उरली.

१९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं आणि बंदुका बऱ्याच थांबल्या. १९८०मध्ये नगर जिल्ह्यात रेहेकुरीचं छोटंसं अभयारण्य झालं, २०११मध्ये कलबुर्गी म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यात चिंचोळीचं. संख्या सावरली. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आज काळविटाला ‘कमी चिंता’चा शेरा आहे, प्रौढ जनावरं सुमारे ३५,०००.   पण यादी डोकी मोजते. डोकी आज पुरेशी आहेत, म्हणून उद्याची जागाही शाबूत आहे असं होत नाही.

आता आजच्या जूनमध्ये या. बिदरजवळ होन्निकेरीचं राखीव जंगल, विलासपूरच्या बाजूचे माळ. कळप अजून आहेत. तुम्ही तुरीच्या शेताच्या बांधावर उभे आहात. कडेने जुन्या लुगड्यांचं कुंपण, आत दुपानी रोपं आणि त्यांतल्या कित्येकांचे शेंडे खुडलेले. शेतकरी चिडलेला नाही, थकलेला आहे. “मारू वाटत न्हाई अण्णा, पण दुबार पेरणीचं बी कोण देणार?”

त्याचा प्रश्न रास्त आहे. काळवीट शेतात येतं, कारण माळ राहिला नाही. सरकारी नकाशांत गवताळ जमीन कित्येकदा ‘पडीक’ म्हणूनच रंगवलेली असते. पडीक म्हटलं की ती प्लॉट पाडायला, खाणीला, नाहीतर वनीकरणाच्या नावाने झाडं दाटीने लावायला मोकळी. झाडी दाट झाली की काळविटाला लांबवर दिसत नाही, पळता येत नाही, आणि तिथे ते राहत नाही. उरलेल्या तुकड्यांत मोकाट कुत्री पाडसं धरतात. बिनकठड्याच्या विहिरीत पडलेलं जनावर स्वतःहून वर येऊ शकत नाही.

म्हणून मागणं साधं आहे. माळाची नोंद माळ म्हणूनच करा आणि त्यावर झाडं लावू नका. कळपांच्या वाटेवरच्या विहिरींना कठडे बांधा. आणि शेतकऱ्याला भरपाई द्यायची तर ती जुलै संपायच्या आत त्याच्या हातात पडू द्या. तूर पुन्हा पेरायची वेळ गेल्यावर त्या पैशातून त्याचं पीक परत येत नाही.