नवशोध आणि उपयोजन : उद्योगांतील समतोल

हाताशी असलेले कौशल्य, माल आणि गिऱ्हाईक यांतून जास्तीत जास्त कमाई करणे म्हणजे उपयोजन. ज्याची अजून खात्री नाही अशा मालात, तंत्रात किंवा बाजारात पैसा आणि माणसे घालून पाहणे म्हणजे नवशोध. दोन्हींना लागणारी तिजोरी एकच असल्याने प्रत्येक कंपनीत त्यांची ओढाताण चालते. अमेरिकी अभ्यासक जेम्स मार्च यांनी १९९१ च्या निबंधात ती नेमकी मांडली. उपयोजनाचे फळ लवकर आणि बहुधा हमखास मिळते, नवशोधाचे उशिरा आणि बेभरवशाचे. त्यामुळे कंपनी जसजशी अनुभवी होते तसतशी ती जुन्याकडेच झुकते. उलट, सतत नव्याच्या मागे धावणारी कंपनी कशातच तरबेज होत नाही.

नाशिकच्या द्राक्षव्यवसायात ही ओढाताण फार ठळक दिसते. गोदावरीच्या डाव्या तीरावर, पंचवटीत, दिंडोरी रस्त्याला नाशिक कृषी उत्पन्न बाजार समितीचे मुख्य आवार आहे. माल आणायचा, लिलावात मिळेल तो भाव घ्यायचा, ही शेतमाल विकण्याची इथली रुळलेली वाट. पंचवटी ओलांडली की दिंडोरीकडे आणि आडगाव, ओझर, पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षपट्टा पसरतो. थॉमसन सीडलेस हा वाण त्याचे जुने बळ. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, घडांची विरळणी, जीए (जिबरेलिक आम्ल) या संजीवकाच्या मात्रा हे सारे इथल्या बागायतदारांना आणि मजुरांना तोंडपाठ आहे. वाण बदलला की यातले बरेचसे नव्याने शिकावे लागते. शिवाय नवी बाग चांगला माल देईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात आणि तोवर घरखर्च, कर्जाचे हप्ते जुन्याच बागेवर असतात. म्हणून जुना वाण पैसे देत असतानाच नव्याची लागवड व्हावी लागते. भाव कोसळल्यावर जाग आली, तर ती दोन-तीन वर्षे काढायला हाती काही उरत नाही.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपला गेलेली भारतीय द्राक्षे अडकली आणि निर्यातदारांना जबर फटका बसला. एका मालावर आणि एका बाजारावर सारे अवलंबून असण्याचा धोका तेव्हा उघडा पडला. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने त्याच सुमारास उभी राहिलेली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी या विषयातले महाराष्ट्रातले सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण आहे. द्राक्षनिर्यात हे तिने आपले बळ मानले आणि ते सोडले नाही. त्याच्या आधारावर दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत टोमॅटो आणि इतर फळांवरची प्रक्रिया उभी केली. द्राक्षातही थॉमसनशेजारी परवान्यावर आणलेले ‘आरा’ वाण लावले. २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये घातले, ते ‘सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर’ या उपकंपनीत. शेतकऱ्यांच्या मूळ कंपनीत बाहेरचे भागीदार आले नाहीत आणि प्रक्रियेला लागणारे मोठे भांडवलही मिळाले.

‘सुला’ या वाइन कंपनीचा प्रवास वेगळा. राजीव सामंत यांनी नाशिकच्या कौटुंबिक जमिनीवर आंबा, गुलाब आणि खायची द्राक्षे लावून पाहिली, मग वाइनच्या वाणांकडे वळले. पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. वाइनमध्ये जम बसल्यावरच २००५ मध्ये वाइन चाखण्याचे दालन आणि पुढे निवासी पर्यटन आले. त्याआधीच्या पिढीतली नारायणगावची ‘इंडाज’ भारतीय वाइनची खरी पायोनियर. पण तिने परदेशातील वाइन कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लावला, कर्ज वाढले आणि २००८ च्या मंदीनंतर ती कोलमडली. घरचा व्यवसाय पेलू शकेल त्याहून नवशोध मोठा झाला.

समतोल साधायचा कसा, यावर दोन मते आहेत. रॉबर्ट डंकन यांनी १९७६ मध्ये आणि मायकेल टशमन व चार्ल्स ओ’रायली यांनी १९९६ मध्ये ‘सव्यसाची’, म्हणजे दोन्ही कामे एकाच वेळी साधणाऱ्या संघटनेची कल्पना मांडली. टशमन आणि ओ’रायली यांच्या मते नव्या कामाला वेगळा विभाग, वेगळी माणसे, वेगळे निकष द्यावेत. वरचे नेतृत्व मात्र एक असावे. २००४ मध्ये क्रिस्टिना गिब्सन आणि ज्युलियन बर्किनशॉ यांनी दुसरा मार्ग सांगितला. कामाच्या वेळेची दोन्हींत वाटणी माणसाने स्वतःच करावी, कंपनीने तशी मोकळीक द्यावी. पहिल्या मार्गाचे मराठी मुलखातले ठळक उदाहरण बजाज ऑटो. २००१ च्या ‘पल्सर’नंतर मोटरसायकल हेच तिचे बळ झाले आणि २००९ मध्ये तिने स्कूटर सोडण्याचे जाहीर केले. जानेवारी २०२० मध्ये विजेवरची ‘चेतक’ स्कूटर आणली आणि नंतर त्या कामासाठी वेगळी उपकंपनी काढली.

छोट्या उद्योगाला मात्र वेगळा विभाग परवडत नाही. दोन एकर बागेच्या मालकाने एक एकर नव्या वाणाला दिली, तर त्याचे निम्मे उत्पन्न पणाला लागते. तोच प्रयोग शंभर शेतकऱ्यांनी मिळून थोड्या थोड्या जागेवर केला, तर तो फसला तरी कोणाचे घर बुडत नाही. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपनीचे खरे महत्त्व चांगल्या भावाइतकेच या वाटून घेतलेल्या जोखमीत आहे.