सूट कोणाला, झळ कोणाला? अमेरिकेतल्या किमान वेतनाच्या अपवादांचा इतिहास

कामगार कायदा काय देतो, याबद्दल आपण नेहमी बोलतो. आज उलट्या बाजूनं पाहू: कायदा वगळतो कोणाला? दुकानावर ‘सूट’ची पाटी लागली की फायदा गिऱ्हाइकाचा. कामगार कायद्यात ‘सूट’ आली की ती मिळते मालकाला, आणि झळ बसते कामगाराला. अमेरिकेत ही सूट दोन ठिकाणी ठरते, संघराज्याच्या कायद्यात आणि प्रत्येक राज्याच्या कायद्यात. या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. का जुळत नाहीत, ते इतिहासात शिरल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात राज्यांनी केली. १९१२ साली मॅसॅच्युसेट्सनं स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी किमान वेतनाचा पहिला कायदा केला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजधानीतला असाच कायदा रद्द केला. कारण दिलं, कराराचं स्वातंत्र्य. मग येते एल्सी पॅरिश. वॉशिंग्टन राज्यातल्या वेनॅची गावात हॉटेलच्या खोल्या साफ करणारी बाई. राज्याच्या नियमानं तिला ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते, मिळत होते कमी. फरकासाठी ती कोर्टात गेली आणि १९३७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकली. किमान वेतन घटनाबाह्य नाही, हे ठरलं ते तिच्या खटल्यात.

दार उघडलं आणि १९३८ मध्ये रूझवेल्ट यांनी ‘फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट’वर सही केली. तासाला २५ सेंट. आठवड्याला आधी ४४, पुढे ४० तास. त्यावरच्या कामाला दीडपट पैसे. पण यात शेतमजूर नव्हते. घरकाम करणाऱ्यांचं नाव घेऊन त्यांना वगळलं नव्हतं, पण कायद्याची हद्द आंतरराज्य व्यापारापुरती आखल्यामुळे त्याही बाहेरच राहिल्या.

असं का झालं? कायदा मंजूर व्हायला दक्षिणेकडच्या खासदारांची मतं लागत होती. तिथले कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येनं होते शेतात आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. कायद्यात वंशाचा एक शब्दही नाही. शब्द न वापरता माणसं कशी वगळली जातात, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

आता त्याच कायद्यातलं १८वं कलम बघा. ते सांगतं की राज्यानं किंवा शहरानं जास्त वेतन, कमी तास ठरवले असतील तर संघराज्याचा कायदा आड येणार नाही. म्हणजे संघराज्याचा कायदा हे घराचं जोतं. वर मजले चढवायचे की नाही, ते राज्यानं बघायचं. इथेच लोक फसतात. ‘तुमच्या कामाला सूट आहे’ असं मालक म्हणतो, तेव्हा ते संघराज्यापुरतं खरं असू शकतं. राज्याचा कायदा तरीही लागू असू शकतो.

पुढे १९६६ च्या दुरुस्तीनं शेतमजुरांना किमान वेतन मिळालं, पण फक्त मोठ्या शेतांवर. १९७४ मध्ये घरकामगारही कायद्यात आल्या. शेतमजुरांच्या ओव्हरटाइमची सूट मात्र संघराज्याच्या कायद्यात आजही आहे.

मग राज्यं पुढे झाली. कॅलिफोर्नियात १९७६ पासून शेतमजुराला दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांनंतर ओव्हरटाइम होता. २०१६ च्या कायद्यानं तो टप्प्याटप्प्यानं ८ आणि ४० तासांवर आणला. मोठ्या मालकांसाठी २०२२ मध्ये, छोट्यांसाठी २०२५ मध्ये. न्यूयॉर्कनं २०१९ मध्ये ६० तासांपासून सुरुवात केली, ४० वर पोचणार २०३२ मध्ये. आणि एल्सी पॅरिशच्या त्याच वॉशिंग्टन राज्यात दूध काढणारे डेअरी कामगार कोर्टात गेले. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ओव्हरटाइम नाकारणारी सूट राज्यघटनेच्या विरोधात ठरवली, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी. २०२४ पासून तिथे सगळ्या शेतमजुरांना ४० तासांनंतर दीडपट मिळतं.

उलटंही घडतं बरं का. संघराज्याचा दर २००९ पासून ७.२५ डॉलरवर थांबलाय. जॉर्जियाचा स्वतःचा दर ५.१५ डॉलर, आणि अलाबामा, मिसिसिपीसारख्या पाच राज्यांत किमान वेतनाचा स्वतःचा कायदाच नाही. तिथे संघराज्याच्या सुटीत जो सापडला, त्याच्या पायाखाली जोतंही नाही.

आणि हे फक्त शेतापुरतं नाही. पुण्याहून कॅलिफोर्नियात गेलेल्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनीही ऐकावं. संगणकाच्या ठरावीक तज्ज्ञ कामांना संघराज्याचा कायदा ओव्हरटाइममधून वगळतो, तासाला २७.६३ डॉलर मिळत असले तरी. कॅलिफोर्निया तशी सूट द्यायला २०२५ मध्ये ५६ डॉलरपेक्षा जास्त मागत होता. पद तेच, काम तेच, पण राज्य बदललं की हक्क बदलतो.

जाता जाता आपल्याकडचं. किमान वेतनाचं विधेयक १९४६ मध्ये आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात शेतीचा उल्लेख होता. अमेरिकेनं ज्यांना दहा वर्षांपूर्वी बाहेर ठेवलं, त्यांचं नाव आपण निदान कागदावर तरी घातलं. कागद आणि बांध यांत किती अंतर असतं, ते आपण जाणतोच.

तर कुठलाही वेतन कायदा वाचताना दर शेवटी बघू या. आधी सुटीची यादी काढू, मग ती यादी लिहिली गेली त्या दिवशी सभागृहात कोण बसलं होतं ते शोधू, आणि मग कोण नव्हतं ते. १९३८ साली शेतमजूर तिथे नव्हता. वॉशिंग्टनमधल्या दूध काढणाऱ्याला त्याची भरपाई व्हायला ८२ वर्षं लागली, आणि बऱ्याच राज्यांत ती अजून व्हायची आहे.