योग्य लाल रंगाचा शोध : दुसऱ्या महायुद्धकाळातील लिपस्टिक, स्त्री आणि राज्यसंस्था

प्रस्तावना :

इतिहासलेखनात प्रसाधनांना फारसे स्थान मिळालेले नाही. युद्धे, तह आणि राजकीय चळवळी यांच्या इतिहासात ओठांना लावावयाच्या लाल रंगाची दखल घेणे अनेकांना अप्रस्तुत वाटते. तथापि अगदी खाजगी समजली जाणारी एखादी वस्तू जेव्हा शासन, लष्कर आणि उद्योग यांच्या आदेशांचा विषय बनते, तेव्हा तिचा विचार इतिहासाला टाळता येत नाही. १९४० ते १९४५ या काळात लाल लिपस्टिकच्या बाबतीत नेमके हेच घडले. आपल्या चेहऱ्याला शोभेल असा लाल रंग शोधणे ही स्त्रीची वैयक्तिक आवडनिवड मानली जाते. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन केले आहे की, युद्धकाळात ब्रिटन व अमेरिका या देशांत ‘योग्य लाल’ कोणता हे बऱ्याच अंशी स्त्रीच्या इच्छेबाहेर ठरत होते. मात्र तो रंग ओठांवर का लावायचा, याचे उत्तर कोणत्याही आदेशाला आपल्या हाती ठेवता आले नाही.

रंगद्रव्य आणि रंगाची अनिश्चितता :

‘योग्य लाल’ सापडणे अवघड का होते, हे समजण्यासाठी प्रथम रंगद्रव्याकडे पाहावे लागते. मेक्सिकोतील ओआहाका परिसरात निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील या किड्यापासून कार्माइन हा गडद लाल रंग मिळतो. एक पौंड रंगद्रव्यासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात असे सांगितले जाते. सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्तेने मेक्सिको जिंकल्यानंतर हा रंग युरोपात गेला आणि चांदीच्या खालोखाल मोलाचा निर्यात माल ठरला. कार्माइनचा लाल सुंदर असला, तरी तो ओठांवर फार वेळ टिकत नसे.

ही अडचण दूर केली ती जर्मन रसायनशास्त्राने. अडॉल्फ फॉन बायर याने १८७१ मध्ये फ्लुओरेसीन हे द्रव्य तयार केले. त्यावर ब्रोमिनची प्रक्रिया केली असता इओसिन हा रंग मिळतो. इओसिन त्वचेतील प्रथिनांना चिकटतो, म्हणून तो सहज पुसला जात नाही. परंतु तो विरघळविण्यासाठी योग्य तेल हवे असते आणि ते काम एरंडेल उत्तम प्रकारे करते. मराठी घरांत जुलाबाचे औषध म्हणून मुलांना नकोसे झालेले हे तेल पाश्चात्त्य प्रसाधनउद्योगाचा आधार बनले, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. मेण, एरंडेल आणि रंग यांची ही कांडी फिरवून वर आणता येईल अशा नळीचे एकस्व अमेरिकेतील नॅशव्हिल येथील जेम्स ब्रूस मेसन याने १९२३ मध्ये मिळविले. त्यानंतर लिपस्टिक पर्समध्ये ठेवण्याची आणि चारचौघांत लावण्याची वस्तू झाली.

येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. इओसिनचा रंग त्वचेच्या आम्लतेनुसार बदलतो. परिणामी एकाच कांडीचा लाल दोन स्त्रियांच्या ओठांवर दोन प्रकारचा दिसे. ‘टँजी’ या अमेरिकन कंपनीची प्रसिद्ध लिपस्टिक तर कांडीत नारिंगी असे आणि ओठांवर लावल्यावर गुलाबी-लाल होई. हा गुणधर्म कंपनीने दोष म्हणून लपविला नाही. प्रत्येक स्त्रीला तिचाच लाल मिळतो, अशी त्याची जाहिरात केली. याउलट हॉलिवूडचा रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर याने केसांच्या व त्वचेच्या वर्णावरून रंग ठरवून देणारी ‘कलर हार्मनी’ ही पद्धत रूढ केली. या पद्धतीत सोनेरी, पिंगट, तांबड्या आणि काळसर केसांच्या स्त्रियांसाठी कोष्टके होती. मात्र त्यांत गृहीत धरलेली स्त्री गोरी होती. कोष्टकात जिचा वर्णच नाही, तिला तिचा लाल कोणी सांगणार नव्हते.

युद्ध आणि टंचाई :

महायुद्ध सुरू झाल्यावर प्रसाधनउद्योगाला लागणारे तेल, मद्यार्क, धातू आणि मनुष्यबळ यांची गरज युद्धोत्पादनाला भासू लागली. ब्रिटनमध्ये १९४० मध्ये पुरवठा मर्यादित करणारा आदेश निघाला आणि प्रसाधनांचे उत्पादन युद्धपूर्व प्रमाणाच्या साधारण चतुर्थांशावर आणले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून खरेदीकर लागू झाला. लिपस्टिकसाठी साखर किंवा लोण्यासारखी शिधापत्रिका नव्हती. म्हणजे ती मिळण्याची हमीही नव्हती. संपत आलेल्या कांड्यांचे तुकडे वितळवून पुन्हा साच्यात घालणे, बीटचा रस ओठांना लावणे असे उपाय स्त्रियांनी केले. काळ्या बाजारातील मालाचा दर्जा कसा असे, याविषयी न बोललेलेच बरे.

आश्चर्याची गोष्ट अशी की, शासनाने उत्पादन कमी केले, परंतु वापराचा निषेध केला नाही. उलट स्त्रियांच्या मासिकांतून नीटनेटके व प्रसन्न दिसणे हे देशकार्यच आहे असा सूर निघू लागला. रंगविलेले ओठ नाट्यगृहातील नटीला किंवा वेश्येला शोभतात, कुलीन स्त्रीला नव्हे, असे मानणाऱ्या पिढीतील माणसे अद्याप हयात होती. त्यांच्या डोळ्यांदेखत हा बदल घडला. जर्मनीतील नाझी प्रचार ओठ रंगविणे जर्मन स्त्रीला शोभत नाही असे सांगत होता, हेही या बदलामागील एक कारण होते. शत्रूने नाकारलेली वस्तू आपोआप आपली निशाणी बनते. अर्थात नाझी प्रचार आणि जर्मन बाजारपेठ यांत अंतर होते. प्रसाधने तेथून नाहीशी झाली नाहीत, हे विसरता कामा नये.

अमेरिकेत १९४२ च्या उन्हाळ्यात युद्धोत्पादन मंडळाने प्रसाधनांवर निर्बंध घालणारा आदेश काढला. परंतु काही महिन्यांतच, त्याच वर्षी, तो मागे घेण्यात आला. कारखान्यांत येणाऱ्या स्त्रियांच्या मनोधैर्याचा प्रश्न त्यामागे होता. धातूच्या नळ्यांऐवजी प्लॅस्टिक व पुठ्ठ्याच्या नळ्या आल्या. १९४३ मध्ये टँजीने ‘युद्ध, स्त्रिया आणि लिपस्टिक’ अशा आशयाची जाहिरात प्रसिद्ध केली. लिपस्टिकने युद्ध जिंकले जाणार नाही, परंतु स्त्रीला स्त्री म्हणून राहण्याचा हक्क हे युद्धाचे एक कारण आहे, असा तिचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद चतुर आहे आणि तितकाच सोयीचाही. जी कंपनी लिपस्टिक विकते, तिनेच लिपस्टिकला स्वातंत्र्याचे प्रतीक ठरविले आहे.

टोपीच्या दोरीचा लाल :

‘योग्य लाल’ या कल्पनेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये सापडते. १३ फेब्रुवारी १९४३ रोजी मरीन कोअरची महिला राखीव तुकडी अधिकृतपणे जाहीर झाली. रूथ चेनी स्ट्रीटर या तिच्या प्रमुख होत्या. युद्धाच्या अखेरीपर्यंत या तुकडीत सुमारे १८,००० स्त्रिया दाखल झाल्या होत्या. त्यांचा गणवेश गर्द हिरवा होता आणि टोपीवर किरमिजी लाल दोरी होती. नियमावलीने लिपस्टिक सक्तीची केली नाही. मात्र लावायची तर तिचा रंग, नखांच्या रंगासह, त्या दोरीशी जुळणारा असावा असे बंधन घातले.

या दोरीसाठी एलिझाबेथ आर्डेन यांच्या कंपनीने ‘माँटेझूमा रेड’ हा रंग काढला. नावामागील संदर्भ मरीन कोअरच्या गीताचा आहे. त्यात १८४७ च्या मेक्सिको मोहिमेच्या आठवणीने माँटेझूमाचा उल्लेख येतो. ज्या भूमीतील किड्यांचा लाल रंग एकेकाळी जहाजे भरून युरोपात गेला, त्याच भूमीच्या राजाचे नाव तिच्यावर स्वारी करणाऱ्या सैन्याच्या लिपस्टिकला मिळाले. रंगाला नाव देणाऱ्यांनी हा योगायोग ध्यानात घेतला असेल असे वाटत नाही. हा रंग सामान्य ग्राहकांसाठीही बाजारात होता. म्हणजे लष्करी शिस्त ही विक्रीचीही बाब झाली होती. आर्डेन यांनी १९१२ च्या न्यूयॉर्कमधील मताधिकार मोर्चात स्त्रियांना लाल लिपस्टिक वाटली, ही कथा आवर्जून सांगितली जाते. ती आकर्षक आहे, परंतु तिच्यावर फार भार टाकता येत नाही. माँटेझूमा रेडची कथा कमी रोमहर्षक असली तरी तिच्यामागे नियमावलीचा आधार आहे.

या नियमात त्वचेचा विचार कोठेही नव्हता. रंग चेहऱ्याशी नव्हे, तर दोरीशी जुळवायचा होता. आणि चेहऱ्यांचा प्रश्न आधीच सोडविलेला होता, कारण कृष्णवर्णीय स्त्रियांना या तुकडीत प्रवेशच नव्हता. मरीन कोअरमध्ये पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रिया १९४९ मध्ये भरती झाल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांना डोळ्यांपुढे ठेवून युनिस जॉन्सन यांनी ‘फॅशन फेअर’ ही प्रसाधने १९७३ मध्ये बाजारात आणली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या असता लष्कर आणि बाजारपेठ यांपैकी कोण अधिक मागे होते, हे वाचकाला सहज कळेल.

बेल्सन, एप्रिल १९४५ :

याच लाल रंगाचा आणखी एक संदर्भ आहे आणि तो वरील सर्व विवेचनाला छेद देतो. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने बेर्गन-बेल्सन ही छळछावणी मुक्त केली. तेथे सुमारे ६०,००० कैदी होते आणि हजारो प्रेते पुरण्यावाचून पडली होती. मुक्तीनंतरच्या आठवड्यांतही हजारो माणसे मरण पावली. तेथे वैद्यकीय पथकाचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल मर्विन गोनिन यांनी लिहिलेल्या वृत्तान्तात एका विचित्र घटनेची नोंद आहे. ब्रिटिश रेडक्रॉसचे पथक आल्यानंतर थोड्याच दिवसांत छावणीत लिपस्टिकचा मोठा साठा येऊन पोहोचला. शेकडो गोष्टींची निकड असताना ही वस्तू कोणी मागविली, हे गोनिन यांना कळले नाही. आणि तरीही त्यांनी त्या अज्ञात व्यक्तीचे आभार मानले आहेत. अंगावर धड वस्त्र नसलेल्या स्त्रियांचे ओठ लाल झाले होते. शवविच्छेदनाच्या टेबलावरील एका मृत स्त्रीच्या मुठीत लिपस्टिकचा तुकडा होता. त्यांच्या मते, दंडावरील क्रमांकापलीकडे काहीच न उरलेल्या या स्त्रिया पुन्हा माणूस झाल्या.

हा वृत्तान्त एका पुरुष अधिकाऱ्याचा आहे, आणि स्त्रीचे माणूसपण तिच्या रूपात पाहण्याची सवय त्यातही दिसते, असा आक्षेप घेता येईल. तो रास्तही आहे. क्रमांक गोंदण्याची पद्धत ऑश्विट्झची होती, त्यामुळे हा उल्लेख तेथून बेल्सनला आणलेल्या स्त्रियांनाच लागू पडतो, हेही स्पष्ट केले पाहिजे. परंतु मुठीतील तुकडा आक्षेपाने नाहीसा होत नाही. त्या स्त्रीला तो रंग कोणी लावावयास सांगितला नव्हता. तो तिच्या वर्णाला शोभतो की नाही, कोणत्या दोरीशी जुळतो, हे पाहणारेही कोणी नव्हते. योग्य लाल येथे निवडला गेला नाही. जो मिळाला तोच लावला गेला.

युद्धोत्तर काळ आणि भारत :

युद्धानंतर लिपस्टिकचा देशकार्याशी असलेला संबंध झपाट्याने संपला आणि तिची जागा मोहाने घेतली. १९५२ मध्ये रेव्हलॉन कंपनीने ‘फायर अँड आइस’ या लाल रंगाची जाहिरात केली, तीत स्त्रीला तिच्या धीटपणाविषयी प्रश्न विचारणारी प्रश्नावली होती. त्याच वर्षी मुंबईत टाटा ऑइल मिल्सने फ्रेंच सहकार्याने ‘लॅक्मे’ ही कंपनी स्थापन केली. लॅक्मे हे ‘लक्ष्मी’चे फ्रेंच रूप असून ते देलिब याच्या १८८३ च्या ऑपेरावरून घेतले आहे. विलायती प्रसाधनांवर खर्च होणारे परकीय चलन वाचावे म्हणून पंडित नेहरूंनी जे. आर. डी. टाटा यांच्याकडे हा विषय काढला, असे सांगितले जाते. म्हणजे भारतातही ओठांच्या रंगाचा विचार प्रथम देशाच्या हिशेबातून झाला.

मराठी मध्यमवर्गीय घरांत मात्र त्याला निराळा अडथळा होता. सौभाग्यवतीच्या कपाळावरील लाल पूज्य, जेवणानंतरच्या विड्याने रंगलेले ओठ कौतुकाचे, आणि कांडीने रंगविलेले तेच ओठ संशयाचे, असा भेद तेथे दीर्घकाळ होता. विधवेला तर कुंकू आणि विडा हे दोन्ही लाल वर्ज्य होते. टाटांच्या कारखान्यातून निघालेली लिपस्टिक या घरांत आली, तेव्हा तेथे कोणता लाल कोणी लावायचा याची वाटणी कधीचीच झालेली होती.