उखळ, मुसळ आणि मज्जातंतु

खांद्याच्या सांध्यास मराठींत उखळीचा सांधा म्हणतात. परंतु ही उखळ फार उथळ आहे. दंडाच्या हाडाचा वाटोळा गोळा तिच्यांत जेमतेम टेकलेला असतो. म्हणूनच हात चहूंकडे फिरतो, आणि म्हणूनच इतर कोणत्याहि मोठ्या सांध्यापेक्षां तो अधिक वेळां निखळतो. निखळलेलें हाड जागीं बसविण्याची कला पुरातन आहे. तथापि तिच्या इतिहासांतील खरा बोध, आमच्या मतें, त्या हाडाला लगटून जाणाऱ्या मज्जातंतूंत सांठविलेला आहे. हाड सर्वांस दिसे. तंतु कोणासच दिसत नसे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, खांदा निखळला असतां मुसळानें काख वर उचलावी व सांधा बसल्यावर स्वस्तिकबंध बांधावा, असें सांगितलें आहे. हिपोक्रेटीसच्या नांवावर चालणाऱ्या सांध्यांविषयींच्या ग्रीक ग्रंथाचा आरंभच खांद्यापासून होतो, आणि टांच, शिडी वगैरे साधनांबरोबर तेथेंहि मुसळ आहेच. कोणीं कोणापासून घेतलें, हा वाद माजविण्याचें कारण नाहीं. मुसळ दोन्ही देशांत होतें आणि खांदे सगळीकडे निखळत होते. विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. छाती व काख यांच्यामधील कक्षधर मर्मास इजा झाल्यास पक्षाघात होतो, असें त्याच संहितेच्या शारीरस्थानांत म्हटलें आहे. आणि आजच्या शारीरशास्त्राप्रमाणें हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचें जाळें त्याच भागांतून जातें. पण मर्माचें हें ज्ञान एका स्थानांत राहिलें आणि मुसळ दुसऱ्या स्थानांत.

युरोपांत पुढें बळाचा वापर वाढतच गेला. दोर आले, कप्प्या आल्या. सर ॲस्टली कूपर यांच्या १८२२ सालच्या ग्रंथांतहि कप्प्यांची योजना आहे. ह्यास हंसणें सोपें आहे. परंतु वेदनेनें रुग्णाचे स्नायु ताठरत, त्यांच्याशीं झुंजण्यासाठीं वैद्य अधिक ओढी, आणि ओढीनें वेदना आणखी वाढे. ह्या चक्रांतून बाहेर पडण्याचा मार्ग त्या काळीं कोणाच्याच हातीं नव्हता.

१८२७ सालीं फ्रान्समधील रूआं येथील रुग्णालयाचे मुख्य शस्त्रवैद्य आशील-क्लेओफास फ्लोबेर यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. 'मादाम बोव्हारी'चे कर्ते गुस्ताव्ह फ्लोबेर हे त्यांचेच चिरंजीव. तेव्हां ते अवघे पांच-सहा वर्षांचे होते. निबंधाचा विषय असा कीं, निखळलेले सांधे बसविण्याच्या खटपटींतूनच रुग्णांस घोर अपाय कसे झाले. त्यांतील एका रुग्णाचा खांदा ओढून बसविण्याचा यत्न झाला होता. पुढें तो रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदन झालें, तेव्हां हाताच्या मज्जातंतूंचीं मुळें पृष्ठरज्जूपासून उपटून निघालेलीं आढळलीं. उपचाराचें यश छापण्यास धैर्य लागत नाहीं. अपाय छापण्यास लागतें. नगरांतील अग्रगण्य वैद्यानें हें स्वतःच्या नांवानें लिहिलें, ह्यांतच त्याचें मोठेपण आहे.

ह्यानंतर बळाचें राज्य हळूहळू ओसरलें. १८४६ सालीं बॉस्टन येथें ईथरच्या गुंगीचा जाहीर प्रयोग झाला, आणि ताठरलेले स्नायु सैल करण्याचें साधन हातीं आलें. १८७० सालीं स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनीं कोपर दुमडून, दंड सावकाश बाहेर वळवून, पुढें उचलून मग आंत फिरविण्याची रीत प्रसिद्ध केली. तींत ओढाताणीचें कारणच नव्हतें.

अर्थात् सारा दोष उपचाराचा नसतो. काखेंतील मज्जातंतु दंडाच्या हाडाच्या मानेभोंवतीं वळसा घालून जातो. गोळा निसटतांच तो ताणला जातो. मग सांधा जागीं बसूनहि हात वर उचलत नाहीं, खांद्यावरील त्रिकोणी स्नायु दुबळा होतो आणि दंडाची बाहेरील बाजू बधिर राहते. पण हा तंतु मेला कीं केवळ मूर्च्छित झाला? हर्बर्ट सेडन यांनीं १९४३ सालीं अशा इजांचे तीन प्रकार स्पष्ट केले. पहिल्यांत तंतु अखंड असून वहन तेवढें थांबतें, आणि कांहीं दिवसांत वा आठवड्यांत तें परत येतें. दुसऱ्यांत आंतील धागे तुटतात, पण वेष्टन शाबूत असल्यानें ते दिवसाला सुमारें एक मिलिमीटर ह्या गतीनें पुन्हां वाढतात. तिसऱ्यांत सारेंच तुटतें. तेथें शस्त्रक्रियेवांचून बहुधा गति नाहीं. खांदा निखळून झालेल्या बहुतेक इजा पहिल्या दोन प्रकारांत मोडतात. म्हणूनच कित्येक महिने हलका न झालेला हातहि पुढें बरा होतो.

खांदा बसविण्यापूर्वीं व नंतर दंडावरील स्पर्शज्ञान, मनगट व बोटें यांची हालचाल आणि नाडी तपासून लिहून ठेवावी, असा आज वैद्यकाचा दंडक आहे. हें टिपण नसेल, तर तंतु पडण्यानें दुखावला कीं ओढण्यानें, हें मागाहून कोणासच सांगतां येत नाहीं. रुग्ण वैद्यास दोष देतो, वैद्य दैवास. आपल्याकडे पुष्कळ कुटुंबें अजूनहि हाडवैद्याकडे धांव घेतात. त्याच्या हस्तकौशल्याविषयीं आम्हांस अनादर नाहीं. परंतु ज्यानें बोटें हलवावयास सांगितलें नाहीं, दंडास स्पर्श करून कांहीं विचारलें नाहीं आणि एकदम हाताला झटका दिला, तो, पदवीधर असो वा नसो, अद्याप मुसळाच्याच युगांत वावरत आहे. हाड जागीं बसल्याचा आवाज सर्वांस ऐकूं येतो. तंतु तुटल्याचा येत नाहीं.